वाटीची परीक्षा

धावडा, ९ नोव्हेंबर १९५३

गिरिधर,

आशीर्वाद आहेतच. आज दुसरे काही लिहायला सुचत नाही म्हणून सरळ सांगतो. श्रीपती गेला. माझा धाकटा भाऊ, आणि तू आमच्या घरी राहून शाळा शिकलास तेव्हाचा तुझा जोडीदार. गेला म्हणजे मारला गेला. ज्वारीच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर झोपला होता. सकाळी त्याची बायको उषाबाई भाकरी घेऊन गेली आणि तिनेच पाहिले. कुऱ्हाडीचा एक घाव मानेवर, एक खांद्यावर आणि एक हातावर. हात त्याने आडवा धरला असणार. माळ्याच्या फळ्यांतून रक्त गळून खालची ज्वारीची ताटे लाल झाली होती. उषाबाई ओरडली नाही. मी पोचलो तेव्हा ती तिथेच खाली बसली होती आणि तिच्या पदरावर वरून थेंब पडत होते. मी तिला उठवले तर म्हणाली, "भाकर गार होऊन राह्यली."

दंडातले चांदीचे कडे गायब आहे. भोकरदनच्या ठाण्याचे फौजदार, अमीनसाहेब आले, पंचनामा झाला. त्यांचे म्हणणे असे की कुणी भुरट्याने कड्यासाठी मारले असेल, तपास करतो. मला ते पटत नाही. कड्यासाठी कुणी एवढे घाव घालतो का? कडे नेले ते आमच्या डोळ्यांत धूळ फेकायला. पोळ्याला शेजारचा रामकिसन बांधावरून भांडला तेव्हा सगळ्यांसमोर ओरडला होता, "पुन्हा बांध कोरला तं मुंडकं उडवून टाकीन, श्रीपती!" हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

मी गावचा पोलीस पाटील. नुसत्या संशयावर माणसाला हात लावता येत नाही, हे मला कळते. म्हणून लोक म्हणतात, जाफराबादकडचा पुंजाराम भगत बोलवा, तो वाटी चालवतो. पितळेची वाटी जमिनीवर पालथी घालतो, तिच्यावर हात ठेवतो, आणि वाटी त्याला ओढत गुन्हेगाराच्या पायाशी नेते. तू परभणीला कापसाच्या संशोधनावर आहेस. हे झाड चांगले, ते वाईट, असे अनुमान काढण्याचाच पगार घेतोस. तर सांग, वाटीवर विश्वास ठेवू का? आणि एक आजच लिहून ठेवतो. वाटी रामकिसनपाशी थांबली तर तो त्या दिवशीचा सूर्य मावळताना पाहणार नाही.

बद्रीनाथ


परभणी, १४ नोव्हेंबर १९५३

बद्रीदादा,

तुमचे पत्र वाचले आणि मी शेतात जाऊन कापसाच्या ओळीत बसून रडलो. गड्यांनी पाहिले, पाहू दे. ज्याने श्रीपतीला मारले त्याचे हात माझ्या हातात सापडले तर मीही शास्त्र वगैरे विसरून जाईन. असा राग मला माझाच माहीत नव्हता.

पण दादा, वाटी? पितळेला काय ठाऊक, कुऱ्हाड कुणाच्या हातात होती?

तुम्ही विचारले म्हणून आमची रीत सांगतो. नवे वाण आले की आम्ही ते एकटे कधी पेरत नाही. शेजारी जुने, ओळखीचे वाण पेरतो, ज्याचा उतारा आम्हाला पक्का माहीत असतो. त्याचाच आकडा चुकीचा आला तर नव्याचाही खोटा. आमच्याकडचे ढोरांचे डॉक्टर नवी रोगपरीक्षा आली की आधी अशा जनावरावर करतात, ज्याचा रोग त्यांना ठाऊक आहे. हवामानवाले नवे यंत्र जुन्याच्या शेजारी टांगून ठेवतात. फार कशाला, जालन्याचा सराफही कसोटीवर आधी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढतो आणि मग तुमच्या दागिन्याची. ज्याचे उत्तर आपल्याला माहीत आहे तेच आधी विचारायचे. तिथे जो चुकला त्याला न माहीत असलेले विचारूच नये.

म्हणून वाटीला आधी ओळखीचा प्रश्न घाला. तुमची अंगठी कुणाजवळ तरी लपवा आणि म्हणा, शोध. ती तोंडघशी पडेल आणि लोकांचा भ्रमही फिटेल. तोवर रामकिसनला कुणी हात लावू नये, ही माझी विनंती. तोंडाने मुंडकी उडवणारे गावात शेकड्याने सापडतात.

उषावहिनींना माझा नमस्कार सांगा. त्या जेवतात का?

गिरिधर


धावडा, २० नोव्हेंबर १९५३

गिरिधर,

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या शास्त्रीबुवा, आता नीट बसून वाच.

तू सांगितलेस ते मला अगदी पटले. काल चावडीपुढे पुंजारामला बसवले आणि सगळ्या गावासमोर म्हटले, "खुनाचं नंतर. आधी माझी अंगठी काढून दाखव." लोक हसले. तो हसला नाही. म्हणाला, "पाटील, बिलकुल इचारा. पन इचारणारानं माह्या समोर बसायचं, मनात उत्तर धरायचं अन् हलायचं न्हाई." मी त्याला आधी देवळामागे पाठवले, अंगठी कोपऱ्यातल्या मच्छिंद्रच्या मुठीत दिली, मग त्याला बोलावले आणि समोर बसलो.

वाटी सरकली. इकडे गेली, तिकडे गेली, जरा थांबली आणि सरळ मच्छिंद्रच्या पायाशी. पुन्हा लपवली, पुन्हा सापडली. मी चिडलो आणि अंगठी रामकिसनच्या आईला, झुंबरबाईला दिली. म्हटले, ही तर शत्रूकडची, ही काही कुणाला कळू देणार नाही. वाटी तिच्यापाशीही गेली. म्हातारीने अंगठी वाटीवर टाकली आणि हात जोडले.

तू म्हणशील, हातचलाखी असेल. मीही डोळ्यांत तेल घालून पाहिले. तो वाटीकडे बघतसुद्धा नाही रे! सारा वेळ नजर माझ्यावर. न बघता माणूस काय चलाखी करणार?

आता बोल. तुझी कसोटी, तुझीच रेघ. वाटी उतरली की नाही? गावही तुझ्या उत्तराची वाट पाहत आहे. परभणीचा साहेब काय म्हणतो, असे मला रोज कुणी ना कुणी विचारतो.

उषाबाई जेवते. माझ्याशी मात्र बोलत नाही. दुःख आहे, दुसरे काय.

बद्रीनाथ


परभणी, २४ नोव्हेंबर १९५३

बद्रीदादा,

पत्र घाईत लिहितो आहे, दारात बैलगाडी उभी आहे आणि मला अंबडकडच्या गावांतून कापूस पाहत हिंडायचे आहे.

तुम्ही माझी जिरवलीत. मी दोन रात्री विचार केला आणि मला उत्तर सापडले नाही. विचित्र दिसते म्हणून एखादी रीत खोटी म्हणायची, हे आमच्या विद्येत बसत नाही. परीक्षा मी घातली, तिला वाटी उतरली. मग मी तिला नापास कोणत्या तोंडाने करू? तुमच्या वाटीला माझा नमस्कार सांगा.

पण जे काही निघेल ते अमीनसाहेबांच्या कानावर घाला आणि पुढचे त्यांना करू द्या. आल्यावर सविस्तर लिहितो.

गिरिधर


धावडा, २ डिसेंबर १९५३

गिरिधर,

झाले.

तुझे पत्र मी चावडीवर मोठ्याने वाचून दाखवले. नमस्काराच्या ओळीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुंजारामने वाटी ठेवली. रामकिसन स्वतः होऊन आला होता, डोक्याला फेटा बांधून, लग्नाला यावे तसा. म्हणाला, "वाटी खरी हाय, म्या डोळ्यानं पाह्यली. व्हऊन जाऊ द्या."

मी समोर बसलो. श्रीपतीला कुणी मारले, हा प्रश्न मनात धरला. वाटी गर्दीत पुढे बसलेल्या भुजंगाकडे गेली, परत फिरली, मच्छिंद्रापुढून गेली, आणि रामकिसनच्या दिशेला वळली तशी जी धावली ती त्याच्या पायावर आदळली.

त्याचा चेहरा पांढरा पडला. चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय? तो उठला, आणि मग लोक उठले. काठ्या होत्या, खोरी होती, भुजंगाच्या हातात तर जुवाची खीळ होती. आधी त्याचे गुडघे फुटले. तो रांगत माझ्याकडे आला आणि माझ्या धोतराला धरून म्हणाला, "पाटील, वाटीकडं नगा बघू. माह्याकडं बघा." त्याचा एक डोळा तेव्हा उघडत नव्हता. कुणीतरी त्याला पायाला धरून मागे ओढले. दात मातीत पडले. भुजंग त्याच्या छातीवर उभा राहिला आणि बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. झुंबरबाई मध्ये पडली तर तिचाही हात मोडला. तो बराच वेळ मेला नाही. पाणी मागत होता, पण पाणी कुणी दिले नाही.

अमीनसाहेब आले होते. गाव म्हणाले, पळताना खदानीत पडला. मीही तेच म्हणालो. माझ्या भावाचा सूड मिळाला. सुक्याबरोबर ओलेही जळते असे म्हणतात, इथे फक्त सुके जळले, एवढे तरी समाधान आहे.

तुझे सविस्तर पत्र अजून आले नाही.

बद्रीनाथ


परभणी, ६ डिसेंबर १९५३

बद्रीदादा,

तुमचे पत्र वाचले. आता मी लिहितो ते रागावून फाडू नका, शेवटपर्यंत वाचा.

अंगठी कुणाजवळ आहे, हे कुणाला ठाऊक होते? तुम्हाला. वाटीसमोर कोण बसले होते? तुम्ही. पुंजाराम सारा वेळ कुणाकडे बघत होता? तुम्हीच लिहिले आहे, आणि ते चलाखी नसल्याचा पुरावा म्हणून लिहिले आहे! दादा, आपण पत्ते खेळायचो तेव्हा तुमच्या हातात हुकमाचे पान आले की तुमच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मी आणि श्रीपती त्यावरच डाव मारायचो आणि तुम्हाला कधी सांगितले नाही. आम्हा पोरांना जे दिसायचे ते या भगताला दिसणार नाही? तो वाटी इकडेतिकडे फिरवतो आणि तुमचा चेहरा वाचतो. त्याला स्वतःलाही हे कळत नसेल. त्याला खरेच वाटत असेल की वाटी ओढते.

म्हणजे त्या दिवशी आपण वाटीची परीक्षा घेतलीच नाही. तुमचा चेहरा किती स्वच्छ वाचता येतो, याची घेतली. आणि खुनाच्या दिवशी तुमच्या मनात कोणाचे नाव होते? पोळ्यापासून होते.

आमच्याकडे कापूस पारखणाऱ्याला पिशवी कोणत्या वाफ्यातली ते कधीच सांगत नाहीत. माहीत असले की हात आपोआप आवडत्या वाणाला चांगले म्हणतो. ही गोष्ट आम्हाला इतकी अंगवळणी पडली आहे की तुम्हाला लिहायची राहून गेली. आणि वर मी नमस्कार पाठवला. रामकिसनच्या छातीवर भुजंगाबरोबर माझाही पाय होता, दादा. असे वाटते आणि अन्न जात नाही.

पुन्हा परीक्षा घ्या, आणि या वेळी अशी घ्या. चिंध्यांच्या सारख्या पुरचुंड्या बांधा. एकीत अंगठी, बाकीच्यांत खडे. बांधणाऱ्याने घरात जाऊन दार लावावे. ज्याच्या हातात आहे त्यालाही ठाऊक नको, समोर बसणाऱ्यालाही नको. मग बघा वाटी कुठे जाते. आणि त्याआधी, रामकिसन कसा मेला ते भोकरदनला जाऊन खरे सांगा.

गिरिधर


धावडा, १५ डिसेंबर १९५३

गिरिधर,

तुझे पत्र मी खरेच फाडले होते. मग तुकडे जोडून पुन्हा वाचले. मनात म्हटले, या दीडशहाण्याला त्याच्याच रीतीने खोटे पाडू.

पुरचुंड्या उषाबाईने बांधल्या, टोपलीत कालवल्या, वाटल्या आणि घरात गेली. मी समोर बसलो. या वेळी माझ्या मनात धरायला काहीच नव्हते. वाटी फिरत राहिली. पुंजाराम माझ्याकडे बघत होता आणि त्याला घाम फुटला होता. एकाच्या पायाशी थांबली, पुरचुंडीत खडा. दुसऱ्याच्या, खडा. पुन्हा बांधल्या, पुन्हा खडा. तो वाटी सोडून ओरडला, "समोरच्याचंच मन कोरं असन तं वाटी काय करीन?"  गिरिधर, त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले होते आणि त्याचा अर्थ कळलेला तिथे मी एकटाच होतो.

मी उठून सांगायला लागलो की वाटी खोटी आहे, ती विचारणाऱ्याच्या मनातले सांगते. तेवढ्यात उषाबाई बाहेर आली. म्हणाली, "मग मला बसू द्या समोर. मला विचारायचंय." माझा भाऊ तिचा नवरा होता, तिला नाही म्हणणारा मी कोण? ती बसली. श्रीपतीला कुणी मारले?

वाटी सरळ माझ्या पायाशी आली.

मी आधी हसलो. दुसरे कुणी हसले नाही.

तुला एक लिहिले नव्हते. श्रीपती मेला त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचे वाटणीवरून भांडण झाले होते. विहिरीकडचा तुकडा तो मागत होता. मी त्याच्यावर जेवते ताट फेकले होते, आणि ते उषाबाईने पाहिले होते. म्हणून ती माझ्याशी बोलत नव्हती, आणि मी त्याला दुःख म्हणत होतो. तुझी शपथ, श्रीपतीला मी मारले नाही. पण हे मी कुणाला कसे दाखवू? माझ्या अंगावरच्या संशयाला तुझ्या शास्त्रात काही परीक्षा आहे का?

मी लोकांना म्हटले, "अरे, आत्ताच वाटी चुकली, तुम्ही सगळ्यांनी पाहिली ना!" झुंबरबाई मोडका हात गळ्यात बांधून उभी होती. ती म्हणाली, "माह्या लेकराच्या टायमाला खरी, अन् तुह्या टायमाला खोटी व्हय रं, पाटला?" 

तिला माझे उत्तर एकच आहे. मागच्या पत्रात मी 'लोक उठले' असे लिहिले. आधी मी उठलो होतो. रामकिसनच्या गुडघ्यावर पहिली काठी माझी होती. परवा मी भोकरदनला जातो आणि हे सांगतो, भुजंगाचे आणि मच्छिंद्राचे नावही सांगतो. त्यांना मी तसे तोंडावर बोललोही, कारण पाठीमागे नाव घेणे मला जमत नाही. या गावात एकाच खुनाबद्दल मला खात्री आहे, आणि ती करायला वाटी लागली नाही.

तू जेवत जा. पाय माझा होता, तुझा नव्हता.

बद्रीनाथ


जालना, ४ जानेवारी १९५४

गिरिधरभाऊजी,

माझे अक्षर तुमच्या ओळखीचे नाही. मी श्रीपतीची उषा. आता माहेरी जालन्याला आहे. थोरल्या भाऊजींची बातमी तुम्हाला कळली असेल, पण कशी झाली ते कुणी सांगितले नसेल.

ते सकाळी पायी निघाले. मी खळ्यावर होते. ओढ्याच्या उतारावर भुजंग, मच्छिंद्र आणि आणखी काही जण आडवे आले. त्या दिवशी रामकिसनला मारणारे तेच होते. भाऊजी ठाण्यावर नावे सांगणार, हे त्यांना ठाऊक होते. पण ओरडत काय होते? "भावाला मारतो व्हय? वाटीनं दाखवलंय!" त्यांना निमित्त हवे होते आणि ते मी दिले होते. मी धावले. मी पोचेपर्यंत भाऊजींनी एकाची काठी हिसकावून घेतली होती आणि मच्छिंद्रचे डोके फोडले होते. मग भुजंगाने मागून कुऱ्हाड घातली. ते खाली बसले, उठले, पुन्हा बसले. मला पाहून म्हणाले, "उषे, म्या न्हाई गं." त्यानंतर कुऱ्हाड तोंडावर आली. मी अंगावर पडले तर मला केसांना धरून फेकले. त्यांचे रक्त माझ्या तोंडात गेले, गिरिधरभाऊजी. यांचे पदरावर पडले होते, त्यांचे तोंडात गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अमीनसाहेबांनी एक कडे आणून मला दाखवले. अंबडच्या बाजारात विकायला आणलेले सापडले. विकणारा दूरचा, कुणाच्या ओळखीचा नाही. अशीच राखणीवरची माणसे मारत हिंडत होता. धावड्याचा माळा, कुऱ्हाड, हात आडवा धरलेला, सगळे त्याने आपणहून सांगितले. कड्याला यांनी मला चिडवताना दगडावर आपटून पाडलेला पोचा होता. मी ओळखले.

म्हणजे रामकिसन नव्हता, आणि थोरले भाऊजीही नव्हते.

थोरल्या भाऊजींनीच मारले असे मला वाटत होते, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. रोज वाटत होते. त्यांनी ताट फेकले तेव्हाचा चेहरा मला रोज दिसायचा. त्या दिवशी वाटी चुकताना मी दाराच्या फटीतून पाहिली होती. वाटी खोटी आहे हे माझ्यासमोर सिद्ध झाले होते, तरी मी बाहेर आले. मला खरे विचारायचे नव्हते. माझ्या मनातले दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने म्हणावे, एवढेच हवे होते.

तुमची सगळी पत्रे मी वाचली. तुमचा राग येतो. तुम्ही दूर बसून शहाणपण शिकवले, ते अर्धे शिकवले आणि अर्धे उशिरा पाठवले. भाऊजींचाही येतो. पण तुम्ही निदान पुन्हा परीक्षा घ्या म्हणालात, आणि त्यांनी ती घेतली, आणि स्वतःला खोटे पाडणारा निकाल गावासमोर बोलून दाखवला. गावात दुसऱ्या कुणी एवढेही केले नाही.

परवा मी भोकरदनला जाऊन जबाब दिला. ओढ्यावर जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगितले, कुणाचा हात कुठे होता ते. रामकिसनचेही सांगितले. झुंबरबाई माझ्याबरोबर आली होती, भिंतीला टेकून बसली होती. भुजंगाला त्याच संध्याकाळी धरले. त्याच्या घरच्यांनी निरोप पाठवला आहे की धावड्यात पाऊल टाकलेस तर तुझीही तीच गत. म्हणून जालन्याला आले. खटला उभा राहिला की जाणार आहे.

जबाब लिहून झाला तेव्हा मी म्हणाले, एक राहिले. शेवटच्या वेळी वाटीसमोर मी बसले होते, आणि मनात थोरल्या भाऊजींचे नाव धरून बसले होते. अमीनसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "बाई, हा काही कायद्यात गुन्हा न्हाई. हे लिहायची गरज न्हाई."

झुंबरबाई माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "लिहा."

उषा